गाठ नव्हती

माझ्या छातीबद्दल घरात कुणी बोलायचं नाही आणि बाहेर कुणी सोडायचं नाही, अशी माझी सगळी तरुण वर्षं गेली. शाळेत पी.टी.च्या तासाला पळायची वेळ आली की मला हमखास ताप यायचा. ऐरोलीला नोकरी लागल्यावर मी ड्रेस मुद्दाम ढगळ शिवून घ्यायला लागले. ऑफिसच्या लिफ्टमध्ये लॅपटॉपची बॅग पाठीवर नाही, पुढे छातीशी कवटाळून उभी राहायचे. खांद्यांवर पट्ट्यांचे खळगे पडलेले, बोट ठेवलं तर बसेल इतके. उन्हाळ्यात खालची कातडी घामानं सोलवटायची, तिथे मऊ रुमालाची घडी ठेवून दिवस काढायचा. मान आणि पाठ तर विचारूच नका. हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, व्यायाम दिले, खुर्ची बदलायला सांगितली. बदलली. वजन उतरवलं. गाल बसले, पोट गेलं, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते जिथल्या तिथे!

शेवटी तिशी उलटून गेल्यावर मी वाशीला एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. एकटीच. रिसेप्शनवरच्या मुलीला सुद्धा हळू आवाजात सांगितलं.

सर्जन बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "का करायचंय?"

"मान दुखते."

"आणि?"

"आणि काय? एवढं पुरे नाही का?" मी जरा तडकलेच.

"मला पुरे आहे. तुम्हाला पुरे आहे का ते बघा. मनात दुसरंच काही असेल आणि मला सांगितलंच नाहीत, तर उद्या आरशासमोर रडत बसाल आणि शिव्या मला द्याल."

मग त्यांनी काय काय बिघडू शकतं ते सांगायला सुरुवात केली. व्रण राहणार. बोंडाभोवती एक, खाली उतरणारा एक, आणि खालच्या घडीत लांब आडवा. फिके होतील, जाणार नाहीत. बोंडाची जाणीव कमी होईल, कदाचित कायमची जाईल. क्वचित तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि ते वाचवता येत नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या येतील याची खात्री नाही. जखम चिघळू शकते, टाके उसवू शकतात. भूल आहे, भुलीचे धोके आहेत. वजन वाढलं तर पुन्हा भरेल. "आणि पुढे मूल झालं तर दूध कमी येईल, किंवा येणारच नाही. हे सगळं तुम्हाला होईल असं मी म्हणत नाही. होणार नाही असंही म्हणणार नाही."

मला त्या आवडल्या, आणि त्यांची भीतीही वाटली. आधी सोनोग्राफी करून घ्यायला सांगितली. ती स्वच्छ आली. मी तारीख घेतली.

आता घरी सांगायचं होतं. आमचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात, मागे टॉवर उभे राहिले तरी आम्ही तिथेच. वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघी. आई मासळी बाजारात बसते, मी, आणि माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान बहीण. तिचं तेव्हा नुकतंच जमलं होतं. मुलगा चांगला, दोघांची आधीपासून ओळख, साखरपुडा तोंडावर आलेला.

आई कोलंबी सोलत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"देवानं दिलंय ते कापून टाकायचं?" ती म्हणाली. "लोकं ऐकतील तर शेन घालतील तोंडात."

"लोकांना कशाला सांगायचंय?"

"नि उद्या तुला पोर झालं तर?"

"आधी नवरा तर येऊ दे!"

"हसू नको. आपल्यात बाळंतिनीला मुशीचं कालवन खायला घालतात, दूध उतरावं म्हनून. तू कापूनच आलीस तर मुशी काय करील, बाय?"

मी उडवून लावलं, पण ते वाक्य आत रुतलं. कारण माझंही तेच भय होतं. लग्नाची घाई मला कधीच नव्हती, पण मूल नकोच असं मी स्वतःशी कधी म्हटलं नव्हतं. अजून नसलेल्या पोरासाठी मी आज मान मोडून घ्यायची का? की आज सुटण्यासाठी त्याच्या तोंडचं काढून घ्यायचं? ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून मी हेच तोलत राहायचे. एकदा वाटायचं, कर. एकदा वाटायचं, आजवर काढलं तसं पुढेही काढशील.

आणि तेवढ्यात आईनं घोळ घातला.

ऑपरेशननंतर मी घरी असताना ती चार दिवस बाजारात बसणार नव्हती. शेजारच्या बाईनं विचारलं, का गं? आमच्या बाजारात रांगेतल्या बाईनं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. आज तुझं गिऱ्हाईक ती सांभाळते, उद्या तिचं तू. आईला खरं सांगवेना. ती म्हणाली, "थोरलीच्या छातीत गाठ हाय. काढायची हाय."

तिला वाटलं, गाठ म्हणजे अब्रूची गोष्ट. गाठीला कोण हसतं? कुणीच हसलं नाही, खरंच. संध्याकाळपर्यंत सगळी रांग रडून मोकळी झाली. आईशी वर्षभर अबोला धरलेल्या बाईनं तिला पापलेटांची जोडी आणून दिली. घरी कडुलिंबाचा पाला आला, हळद आली, कुणाच्या तरी जावयानं पाठवलेले व्हिडिओ आले. एकवीरा आईला नवस बोलले गेले. मी ऑफिसातून आले की ओट्यावर कुणीतरी बाई माझ्याकडे अशा नजरेनं बघत बसलेली, जणू मी आताच चालले वर.

"आई, हे काय करून ठेवलंस तू?"

"मग काय सांगू? पोरगी हौसेनं छाती कापून घेते?"

मी दार आपटून आत गेले. पण ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सगळे विसरतील, असं मीच माझ्या मनाला समजावलं.

मासळी बाजारातली बातमी आमच्याच गावात थोडीच राहते! ती दुसऱ्या कोळीवाड्यात पोचली, मुलाकडच्यांच्या घरात. निरोप आला, साखरपुडा जरा पुढे ढकलूया. कारण काही दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. छातीची गाठ आईकडून लेकीला येते, एका बहिणीला झाली तर दुसरीलाही होऊ शकते, हे आजकाल सगळ्यांना माहीत असतं. माझी बहीण हमसाहमशी रडली. मला ती एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं.

आईनं दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. "तू ऑपरेशन रद्द कर. मी सांगते, देवीनं ऐकलं, गाठ विरघळली."

"माझा स्वच्छ रिपोर्ट दाखव ना सरळ त्यांना!"

"नि मग विचारतील, गाठ नाय तर ऑपरेशन कसलं? तेव्हा काय सांगू?"

बरोबर होतं तिचं. एक तर मी रद्द करायचं, नाही तर सगळ्यांसमोर खरं बोलायचं. आणि खरं सांगते, रद्द करायच्या कल्पनेनं मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. व्रण नकोत, भूल नको, दुधाचा प्रश्न नको. वर बहिणीसाठी त्याग केला म्हणून मिरवायला मोकळी! मी बाथरूममध्ये गेले, कपडे काढून आरशासमोर उभी राहिले. असंच राहायचं म्हटलं तर कसं वाटतं ते बघू म्हटलं. मला रडू फुटलं. तेव्हा मला कळलं की सर्जन बाईंच्या 'आणि?'ला माझ्याकडे उत्तर होतं. ते मी त्यांना दिलं नव्हतं इतकंच. मी त्याच दिवशी फोन करून त्यांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता माझं काम सोपं झालं." तारीख मी तशीच ठेवली. घरी मात्र सांगायचा धीर झाला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मुलाची आई स्वतः आमच्या दारात हजर. तीही मासळी विकणारी, धिप्पाड बाई, आवाज अख्ख्या आळीला जाईल असा. हातात नारळ आणि अंगाऱ्याची पुडी. आई पाणी आणायला धावली, बहीण आतल्या खोलीत दाराआड उभी राहिली. त्या बाई माझ्याच शेजारी बसल्या आणि माझ्या कपाळाला अंगारा लावला.

"तुझ्यासाठी नवस केलाय, बाय. माझी सख्खी बहीन यानंच गेली. मी तिचं सगळं केलंय, मला ठाव हाय." त्यांचा आवाज भरून आला. "मी भांडायला नाय आले. एवढंच सांग, डागतर काय म्हनतात? माझ्या नातवंडांत येईल का हे?"

आई दारातून मला डोळ्यांनी विनवत होती. बोल, विरघळली म्हण. अंगाऱ्याची राख पापणीवर पडली होती, ती पुसायचंही मला सुचेना.

"मावशी, गाठ नाही. कधीच नव्हती."

"म्हंजे?"

"छाती जड आहे, ती कमी करून घेतेय. मान दुखते, खांदे दुखतात, हे खरंय. पण दुखत नसतं तरी केलं असतं. मला ही अशी नकोय. मला लहान हवीय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग आईकडे. चेहरा हळूहळू लाल झाला.

"माझ्या मेलेल्या बहिनीची आठवन काढून मी देवीपुढं रडले," त्या आईला म्हणाल्या. "आनि तू खोटं बोललीस? अगं बाई, पोरीला कॅन्सर झालेला तुला चालला. हौस झालेली नाय चालली?"

आईनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्या उठल्या. नारळ उचलला, थांबल्या, पुन्हा खाली ठेवला. दाराआडच्या बहिणीला हाक मारून म्हणाल्या, "साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल. तुझा यात काय दोष?" मग माझ्याकडे वळल्या. "तू मात्र येडी हायेस. एवढं सोसायचं नि वर कापून घ्यायचं. कर बाय, तुझं अंग हाय." आईशी एक अक्षर न बोलता त्या निघून गेल्या. अजूनही दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं आहे.

बहीण येऊन माझ्या गळ्यात पडली. आई आत जाऊन शेगडीपाशी बसली. गॅसही पेटवला नाही, नुसती बसली. दिवेलागणीला उठून माझ्याजवळ आली, माझ्या ड्रेसचा गळा बाजूला केला आणि खांद्यावरच्या खळग्यात अंगठा ठेवला. तिचा हात मासळीच्या बर्फानं नेहमी गार असतो. मी दचकले.

"कवापासून दुखतं?"

"नववी-दहावीपासून."

"मला सांगायचं नाय?"

"सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, ओढणी नीट घे."

तिनं अंगठा काढला नाही.

"उद्या तुला उपाशी न्यायचंय ना?" ती म्हणाली. "मग मी पन काय खानार नाय."