गजराबाईंनी उचललेला भंडारा

बंद खोलीत गजराबाईंना झोप लागत नाही, हे ओतूरमधल्या त्यांच्या भावकीत सगळ्यांना माहीत होतं. मुलाकडे, जालिंदरकडे आल्या तरी त्या पडवीतच पथारी टाकायच्या. जालिंदरचं एसटी स्टँडमागं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यानं घराला स्लॅब टाकला, आईवडलांसाठी वेगळी खोली काढली, खोलीत पंखा बसवला. त्या खोलीत शेवटी कांद्याच्या गोण्या राहिल्या.

गजराबाईंचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. लग्न झालं आणि आठवड्याभरात त्या कळपामागं चालू लागल्या. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी पुन्हा वर. जालिंदर जन्मला तोसुद्धा माळशेजच्या पायथ्याला, एका मोकळ्या भातखाचरात. रात्री ज्या शेतात मुक्काम असेल तिथं मेंढरांभोवती सुताची जाळी उभी करायची. तिला त्या वाघूर म्हणतात. मेंढरं रात्रभर वाघरीत बसतात, लेंड्यांचं खत शेताला मिळतं आणि शेतकरी त्या बदल्यात धान्य देतो. त्यांचे यजमान नवसूबाबा वाघरीच्या एका टोकाला झोपणार, गजराबाई दुसऱ्या. रवंथाचा आवाज चालू आहे तोवर झोपायचं, आवाज थांबला की उठायचं, एवढाच त्यांच्या झोपेचा नियम.

दोन वर्षांपूर्वी घाटात पाय घसरून नवसूबाबांचा गुडघा दुखावला. तेव्हापासून जालिंदरनं मेंढरं विकायचा विषय लावून धरला होता. यंदा दसऱ्याला तर बेल्ह्याचा एक व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. जालिंदर म्हणाला, आता घरी राहा. गजराबाई म्हणाल्या, घरी झोप येत नाही. हे असं बराच वेळ चाललं. मग जालिंदर चिडून बोलला, "बंद दाराआड एकदा तरी झोपलीस का? झोपून बघ, मग बोल."

गजराबाईंनी उठून देवापुढची वाटी घेतली आणि चिमूटभर भंडारा उचलला. धनगरांत भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. त्या म्हणाल्या, "तू म्हणशील त्या खोलीत एक रात काढते. झोप लागली तर मेंढरं इक. न्हाई लागली तर परत इचारायचं न्हाई."

नवसूबाबा उंबऱ्यावर बसून गुडघा चोळत होते.

खोली कुठली, हे जालिंदरच्या डोक्यात आधीच होतं. पिंपरी पेंढारच्या अलीकडे हायवेपासून आत एक जुनी गढी आहे. चार बुरूज, हत्ती जाईल एवढा दरवाजा. आता तिचं हॉटेल झालंय आणि पुण्या-मुंबईची माणसं एका रात्रीसाठी तिथं येतात. उन्हाळ्यात ऐन लग्नाच्या दिवशी गढीचा पंप जळाला, तेव्हा जालिंदरनं दोन तासांत तो चालू करून दिला होता. मालकानं खूश होऊन त्याला दोघांच्या एका मुक्कामाचं कूपन दिलं. ते अजून त्याच्या कपाटात होतं. गढीच्या लाइटची, पंपांची आणि कुंपणाच्या झटका मशीनची देखभाल माझ्याकडे असते, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं जालिंदरच्या बायकोनं, प्रांजलनं सांगितलं.

दिवाळी होऊन गेली होती. कांद्याच्या लागवडीआधी खत हवं म्हणून गढीला लागून शेत असलेल्या सोपाननं नवसूबाबांचा कळप बसवायला बोलावला होता. जालिंदरला हा योग बरा वाटला. आई गढीत, मेंढरं भिंतीपलीकडे, काळजीचं कारणच नाही. वाघूर ठोकायला सोपान हाताशी असणार होता. सोबत म्हणून प्रांजल आली. तिनं सासूला नवी साडी नेसवली आणि स्कूटीवर बसवून आणलं.

दारावर गेणभाऊ वॉचमन होता. तो ओतूरचाच, गजराबाईंना लहानपणापासून ओळखणारा.

"काय गजराबाय, आज पावण्या का?"

"पावणी कसली," त्या म्हणाल्या, "कोंडवाड्यात आलीया."

खोली वरच्या मजल्यावर होती. प्रांजलनं दाराला कार्ड लावलं, आत एका खाचेत तेच कार्ड बसवलं, तेव्हा दिवे लागले. गजराबाईंनी विचारलं, कार्ड काढलं तर? प्रांजलनं काढून दाखवलं. सगळं अंधारलं, एसीसुद्धा थांबला. त्या म्हणाल्या, म्हणजे आपुन आत हाय हे भिताडाला कळतं तर. खिडकी उघडायला गेल्या तर ती उघडेना. एसीमुळं आणि माकडांमुळं आम्ही त्या काचा कायमच्या बसवल्यात. काचेपलीकडे खाली लॉन, त्यापुढं भिंतीबाहेर सोपानचं शेत होतं, मेंढरं होती, कुत्रं तोंड उघडून भुंकत होतं आणि आत काही ऐकू येत नव्हतं. गजराबाई काचेला कान लावून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पलंगावर हात दाबून पाहिला, हात आत गेला तसा काढून घेतला.

पलंगाच्या वर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक काळी घोंगडी टांगली होती. जुन्या गोष्टी म्हणून मालकानं खोलीखोलीत असलं काहीबाही लावलंय. गजराबाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"ही भिताडाला का घातली? त्याला थंडी वाजती?"

प्रांजल हसली, पण सासूबाई हसत नव्हत्या. त्यांची स्वतःची घोंगडी त्यांनी गाठोड्यात बांधून आणली होती. ती त्यांनी दाराजवळ फरशीवर टाकली. प्रांजल म्हणाली, पलंगावर झोपायचं ठरलंय. त्यांनी घोंगडी उचलली.

साडेपाचला गढीचा मोठा दरवाजा बंद होतो. मागच्या महिन्यात शेजारच्या उसात बिबट्याची मादी दिसली, तेव्हापासून सकाळपर्यंत कुणालाही बाहेर सोडायचं नाही, असा नियम झालाय. भिंतीच्या बाहेरून झटका मशीनच्या तारा फिरवल्यात. गजराबाईंना हे ठाऊक नव्हतं. दरवाजाचा आडवा अडणा पडल्याचा आवाज ऐकून त्या खाली आल्या, गेणभाऊला म्हणाल्या, मी जरा शेतात जाऊन येते. गेणभाऊनं नियम सांगितला. नवसूबाबा मेंढरं बघतील, तुम्ही चहा घ्या, असंही म्हणाला. त्या चहा न घेता बुरुजावर गेल्या.

बुरुजावर पाहुणे सूर्यास्त बघत होते. त्यांच्यातल्या एका बाईला खालचा कळप फार आवडला होता, तिनं मोबाइल रोखला होता. गजराबाईंना मात्र वेगळंच दिसत होतं. सोपान कुठंच नव्हता. कुणाच्या तरी मयताला जुन्नरला गेला होता, हे नंतर कळलं. नवसूबाबा एकटेच वाघरीच्या खुंट्या ठोकत होते. एक खुंटी ठोकायची, गुडघ्यावर हात ठेवून टेकायचं, पुन्हा उठायचं. अशा वेळी कळप थोपवून धरायचं काम गजराबाईंचं. आज कळपापाशी कुणी नव्हतं. मेंढरं चरत चरत उसाच्या कडेला सरकत होती आणि कुत्रं उसाकडं तोंड करून एकसारखं भुंकत होतं.

प्रांजल सांगते, आई दोन-तीन वेळा कठड्यापर्यंत गेल्या आणि मागं आल्या. मग त्यांनी तोंडाशी हात धरला आणि कळपाला हाक घातली. जीभ टाळूला लावून काढलेला एक लांब, कापरा आवाज आणि त्यामागून "ये ये ये".

मेंढरं उसापासून वळावीत एवढंच त्यांना हवं होतं. पण मेंढरू वळतं ते हाकेच्या दिशेनं, आणि आज हाक बुरुजावरून येत होती. सगळा कळप माना वर करून थांबला. मग अर्धवट उभी वाघूर तुडवत, नवसूबाबांना ओलांडून सरळ गढीच्या भिंतीकडं धावत सुटला.

मी पळत जाऊन झटका मशीन बंद केलं. तोवर पुढची दोन-तीन मेंढरं तारेला लागून उड्या मारत मागं फिरली होती. कळप भिंतीलगत चेपून उभा राहिला. अंधार पडत होता, कुत्रं अजून उसाकडंच बघत होतं आणि नवसूबाबा काठी टेकत लंगडत येत होते.

गजराबाई अनवाणी दरवाजापाशी आल्या. मॅनेजर मॅडम तिथं पोचल्या होत्या. त्या वाईट नाहीत, पण पाहुण्यांची जबाबदारी त्यांच्यावर. दार उघडलं आणि मेंढरांमागं बिबट्या आला तर कोण निस्तरणार, असं त्या विचारत होत्या, मालकांना फोन लावत होत्या आणि फोन लागत नव्हता. गजराबाईंनी एकदाही विनवणी केली नाही. दरवाजाला तळहात लावून त्या उभ्या राहिल्या. पलीकडून मेंढरं घासत होती, लाकूड हलत होतं. आता हाक मारावी तर आणखी चेंगरतील, गप्प राहावं तर पांगतील.

"मीच बोलावली त्यास्नी," त्या गेणभाऊला म्हणाल्या. एवढंच.

गेणभाऊनं मॅडमकडं पाहिलं, मग मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी उघडली. "नोकरी गेली तर मेंढरामागं येतो तुमच्या," तो म्हणाला.

दिंडीतून एका वेळी एकच मेंढरू येऊ शकत होतं. गजराबाई आत वाकून उभ्या राहिल्या आणि येईल त्याच्या पाठीवर हात ठेवत गेल्या. मोजलं नाही. हाताला ज्याची त्याची पाठ लागत गेली. शेवटी कुत्रं आलं, त्यामागं नवसूबाबा, खांद्यावर गुंडाळलेली वाघूर. सगळी आली होती.

मग लॉनवर वाघूर ठोकली. मी स्प्रिंकलरचा कॉक बंद केला. पाहुण्यांची मुलं आनंदानं नाचत होती. मॅडमनी सकाळी उजाडताच मेंढरं बाहेर, या अटीवर मान्य केलं.

हे सगळं निवल्यावर प्रांजल हळूच म्हणाली, आई, रात्र खोलीत काढायची होती. गजराबाई खुंटी ठोकता ठोकता थांबल्या. परक्या जागी कळप बुजलेला होता, जाळीला घासत फिरत होता, बसत नव्हता. त्यांना सोडून वर जावं तर कळप बसणार नाही. न जावं तर भंडारा मोडणार. त्या एकदा वरच्या खिडकीकडं बघत, एकदा मेंढरांकडं.

नवसूबाबांनी हातातला दगड खाली ठेवला. "मी काढतो रात," ते म्हणाले. "नवरा-बायकूचा भंडारा काय येगळा असतो? त्वा उचलला तो मी उचलला."

गजराबाईंना हे पटलं. नुसतं पटलंच नाही, त्या सुटल्यासारख्या हसल्या. उभ्या आयुष्यात नवऱ्याला रात्रभर सलग झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. हा माणूस त्यांच्याही आधी जागा होणारा. त्या मऊ पलंगावर तो बसून रात्र काढेल आणि जालिंदरचा विषय कायमचा संपेल. त्यांनी प्रांजलला बाबांबरोबर वर पाठवलं, कार्ड कसं लावायचं ते दाखव म्हणाल्या. प्रांजल परत आली आणि सासूशेजारी लॉनवरच आडवी झाली. थोड्या वेळानं मेंढरं बसली. रवंथ सुरू झाला.

सकाळी मी लॉनवर आलो तेव्हा गजराबाई वाघूर काढून उभ्या होत्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. मॅडम दोनदा येऊन घड्याळ बघून गेल्या होत्या. नवसूबाबा आले नव्हते.

"रुसलं का काय," गजराबाई म्हणाल्या आणि वर गेल्या. प्रांजल मागोमाग.

दार आपोआप लागू नये म्हणून बाबांनी फटीत आपली एक वहाण अडकवली होती. आत ते पलंगाच्या मधोमध उताणे पडले होते, एक गाल उशीत. दोन्ही हात पसरलेले, दोन्ही पाय सरळ. दुखरा गुडघासुद्धा सरळ. पागोटं उशीशेजारी नीट ठेवलेलं. ते घोरत होते.

प्रांजल हाक मारणार होती. गजराबाईंनी तिचा हात धरला. त्या पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर बसल्या, त्या न उघडणाऱ्या खिडकीकडं तोंड करून, आणि तशाच बसून राहिल्या. खाली मॅडम तिसऱ्यांदा आल्याचं काचेतून दिसत होतं.

नवसूबाबा जागे झाले ते दचकूनच. बायकोला बघून घाईनं उठून बसले, पागोटं चाचपलं.

"झोप लागली?" गजराबाईंनी विचारलं.

त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "न्हाई," म्हणाले. "डोळ्याला डोळा न्हाई लागला. लई गार खोली."

"खोटं बोलू नगा. भंडारा हाय." त्यांनी हात वर करून स्वतःच्या गालाला लावला. "उशीची घडी उठलीया गालावर."

नवसूबाबांनी गाल चोळला. मग पाय खाली सोडले, गुडघ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "दोन वरसांनी सरळ झाला गं."

गजराबाई फरशीवरून उठल्या. थोड्या वेळानं त्यांनी प्रांजलला जालिंदरला फोन लावायला सांगितलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "पाळणाऱ्यालाच द्यायची. कापणाऱ्याला न्हाई." आणि फोन परत दिला, पलीकडून जालिंदर बोलत असतानाच.

बेल्ह्याच्या व्यापाऱ्याला नकार गेला. पारनेरकडचा एक धनगर येऊन कळप घेऊन गेला, वाघूरसुद्धा. कांद्याच्या गोण्या दुसरीकडं गेल्या आणि खोलीत पलंग आला. नवसूबाबा त्यावर झोपतात. गजराबाई पडवीतच असतात, पण आता पडवीलाही जाळीचं दार आहे. ओतूरलाही बिबट्या फिरतो म्हणून जालिंदरनं ते बसवलं आणि अंधार पडला की तो बाहेरून कडी घालतो.

परवा जालिंदरच्या दुकानात गेलो तेव्हा प्रांजल भेटली. म्हणाली, हायवेनं एखादा कळप चालला की आई गच्चीवर जातात. कठड्याला धरून बघत राहतात, पदराचा बोळा तोंडाशी घट्ट धरून. तिनं एकदा विचारलं, आई, पदर का धरता असा? तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या मेंढरास्नी हाक मारायची नसती. आन् त्यात आपली असली तर येतील की गं ती.