सिस्टरची शोभेची केळ

तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून राबलेल्या बाईला अख्खी गल्ली अजून सिस्टरच म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिने घरामागच्या चार हात जागेत शोभेच्या केळी लावल्या. पानांवर जांभळे पट्टे, गुलाबी केळफूल आणि बोटाएवढी, नुसत्या बियांनी भरलेली फळं. खाण्याच्या नावाने शून्य, पण बघणारा थबकायचाच.

त्या सकाळी पाणी घालता घालता तिचा हात थांबला. कडेच्या केळीचा नवा पोंगा, गुंडाळलेलं कोवळं पान, आखूड निघाला होता. वरची पानं अरुंद, ताठ, एका जागी गोळा झालेली. चष्मा लावून तिने देठ उजेडात धरला. गडद हिरव्या तुटक रेघा. बेचक्यात मावा, काळी बारीक कीड. पर्णगुच्छ! या रोगाला औषध नव्हतं, आणि मावा तो झाडोझाडी पोचवत होता.

तिला काळजी स्वतःच्या झाडांची नव्हती. याच केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा तिने धाकट्या जावेला दिला होता. भिंतीपलीकडे जावेची आता सात झाडं झाली होती आणि अकरा वाजता बागस्पर्धेचे परीक्षक तिथे येणार होते. गेल्या वर्षीचं बक्षीस सिस्टरने नेलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच.

पावणेदहा. गप्प बसावं? दोन तासांनी असं काय बिघडतं? पण परीक्षक तिथून आणखी सहा बागांत जाणार, पानं चाचपत, कपड्यांवर मावा घेऊन. हात न धुता दुसऱ्या खाटेकडे वळणाऱ्यांना वॉर्डात तिनेच फैलावर घेतलं होतं. तिने रोगट पान पिशवीत घालून घट्ट गाठ मारली आणि शेजारचं फाटक ढकललं.

"तुझ्या केळी बघू दे."

जाऊ ओल्या फडक्याने पानं पुसत होती. "आजच बरं आठवलं? माझं एक बक्षीसही बघवत नाही का, ताई?"

शब्द वर्मी लागला. सिस्टरने पिशवी पुढे धरली. "हे माझ्या झाडाचं. या रेघा बघ, मग तुझे देठ बघ. मी खोटी ठरले तर मलाच हवंय."

जाऊ एकेक देठ वळवू लागली. पहिला स्वच्छ. दुसरा, तिसरा, चौथाही. पाचव्याशी तिची बोटं थांबली. तिथे त्याच तुटक रेघा होत्या.

"कुणाला कळणार नाही, ताई. एवढी पानं कापून टाकते."

"आपल्याला कळलंय ना."

जावेने हातातलं फडकं पायरीवर टाकलं. मग तिने फाटकाला कडी घातली आणि परीक्षकांना फोन लावला. "येऊ नका. माझ्या केळींना रोग लागलाय."

आधी माव्यावर फवारणी, मग कुदळ. लागण लगेच दिसत नाही, म्हणून सिस्टरची चार आणि जावेची सात, अकराही झाडं दोघींनी कंदासकट काढली आणि प्रत्येकाचं पान तपासणीला पाठवलं.

महिन्याने तपासणीचा कागद आला. रोगी झाडं तीनच होती.

"म्हणजे आठ उगाच मारली," जाऊ म्हणाली.

सिस्टरने कागदाची घडी घातली. गल्लीत दुसरीकडे कुठे रोग दिसला नव्हता.

"आता तुमचा मुनवा नको," जाऊ म्हणाली. "तपासलेली रोपं आणू, रोपवाटिकेतून. याल का बरोबर?"

"कधी निघायचं?"