दाजींचा पैरा

मोबाईलवरच्या ‘मान्य आहे’ या बटणाचा मान राखणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका आमच्या अक्काचा नवरा निघाला. कुठलंही ॲप घेतलं की दाजी आधी त्याच्या अटी वाचणार, पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत, चष्मा पुसून पुसून. औंधच्या यात्रेत यमाईचा रथ समोरून निघून गेला, अक्का ‘आवं, काढा की फोटू’ म्हणून ओरडून दमली, पण फोटोच्या नव्या ॲपची कलमं संपली नव्हती. आम्ही हसलो की दाजी म्हणत, “पाव्हणं, फौजंत वाचल्याबिगर सही केली आन् पल्टणीचं एक खेचर माज्या नावावर चढलं. लय लाथा खाल्ल्या.”

फौजेतून पलूसला परतल्यावर त्यांनी ऊस लावला आणि इंटरनेटवर बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकले. मग नदीवरच्या सामाईक मोटारीचं पाणी कुणाच्या रानात कधी, हे सांगणारं ॲप स्वतः लिहिलं. पाळीवरून डोकी फोडणारे भाऊबंद गुमान मोबाईल बघू लागले. ॲपची बटणं, चौकटी, पडदे तयार देणारं एक परदेशी टूलकिट त्यांनी वापरलं होतं. त्याची अट अशी: फुकट घ्या, पण त्यावर बांधलेलं ॲप दुसऱ्याला दिलंत तर तो मागेल तेव्हा आतला सगळा कोडही द्या, आणि त्यात बदल करायची मोकळीकही. आम्हाला ही भानगड वाटली. दाजी मात्र हरखले. “ह्यो तर आपला पैरा हाय! आज त्येंची बैलं माज्या रानात, उद्या माजी दुसऱ्याच्या.”

सांगलीच्या एका पंपविक्रेत्याला ते ॲप फार आवडलं. जिल्हाभर दाजींच्या नावानं वाटतो म्हणाला, फक्त कोड कुणाला द्यायचा नाही. टूलकिटवाल्यांकडं पैसे भरून तसा परवानाही मिळतो, तो खर्च माझा. अक्काच्या डोळ्यांपुढं दाजींचा फोटो दुकानादुकानांत लागला. दाजींनी चहा संपवला आणि म्हणाले, “दुसऱ्याच्या बैलांवर रान नांगरून घेतलं. आता आपली पाळी आली तर पैसं टाकून मोकळं व्हायाचं? न्हाई जमायचं.” विक्रेता गेला, आणि अक्काचा अबोला बरेच दिवस चालला.

आता लोक कोड मागतील म्हणून दाजी वाट बघू लागले. ॲपच्या पहिल्याच पडद्यावर ‘कोड पाहिजे असल्यास मागावा’ असं त्यांनी ठळक लिहिलं. कोण मागणार? पेन ड्राइव्ह खिशात घालून ते लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला विचारायचे, “पायजे का?” शेजारी वाढपी समजून म्हणायचा, “बास, बास.” आम्ही पोट धरून हसायचो. दाजीही हसायचे, पण जरा उशिरा.

आणि एक दिवस मेढ्याहून एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. डोंगरातल्या वस्त्यांना टँकरच्या पाळ्या लावायच्या होत्या, कोड मिळेल का? मी म्हटलं, “ई-मेल करा की दाजी.” तर म्हणाले, “पैऱ्याला मानूस जातंय गड्या, निरोप न्हाई.” इस्त्रीचा सदरा घालून, अक्काच्या हातची चटणी-भाकरी बांधून घेऊन ते एसटीनं मेढ्याला गेले.

परत आले ते तोंडभर हसत. “बाईंनी चुका काढल्या. लय काढल्या!” महिना बदलला की एक पाळी सरकायची, ती का सरकते हे दाजींना कधीच सापडलं नव्हतं, बाईंनी दाखवलं. पुढं बाईंनी सगळं दुरुस्त करून परत पाठवलं. आता पलूसला चालतं ते त्यांनी सुधारलेलंच ॲप, आणि दाजींचं जुनं कुणी उघडत नाही.

परवा बांधावर बसलो असताना मी विचारलं, “वाईट नाही वाटत दाजी?” ते म्हणाले, “तुमी समद्यांनी ॲप वापरलं, पाव्हणं. पर उंबऱ्यावरच पानी पिऊन गेला. आत येऊन बसली ती येकटी बाईच.”

एरवी दाजींच्या बोलण्यावर मला हसू आवरत नाही. त्या दिवशी हसू आलं नाही.