डिस्कवर लक्ष ठेवणारी शालू

माजिवड्याच्या शालू भोईरला हॉस्पिटलात एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला ती रेकॉर्ड रूममध्ये एक्स-रेच्या फिल्म्सचे गठ्ठे उचलायची. मग फिल्म्स गेल्या, सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि तिथल्या चौघींपैकी तिघींना घरी बसावं लागलं. शालू टिकली ती हट्टाने शिकली म्हणून. शिक्षण दहावी, इंग्रजी जेमतेम. पण रेडिओलॉजीच्या डॉक्टर क्षिप्रांच्या मागे लागून तिने आधी स्कॅन शोधायला आणि मग ते स्कॅन साठवणारा सर्व्हर सांभाळायला शिकून घेतलं. तिची सासू गोदा शेजारणींना सांगायची, "आमची सून थंडगार खोलीत बसून आकडं बघते. त्याचा पगार मिळतो!"

आकडा एकच होता. सर्व्हरची डिस्क किती टक्के भरली तो. नऊला, बाराला आणि पाचला शालू तो वहीत लिहायची. डिस्क नव्वद टक्के भरली की इंजिनिअरला आपोआप मेल जाईल, अशी सोय सर्व्हरची देखभाल करणाऱ्या डोंबिवलीच्या कंपनीने केलेली होती. त्यामुळे या वहीची सगळे थट्टाच करायचे. एरवी आठवडाभरात आकडा फार तर एकाने वाढायचा.

त्या बुधवारी नऊला ब्याऐंशी होते. बाराला एकोणनव्वद.

शालूने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दहा मिनिटांनी नव्वद झाले. मेल गेला असणार म्हणून ती फोनची वाट बघत बसली. फोन आला नाही, तेव्हा तिने स्वतःच कंपनीतल्या इंजिनिअर उर्वी मॅडमना लावला.

"मेल? मला नाही आला," उर्वी म्हणाली. मग कॉम्प्युटरवर बघून, ओशाळून म्हणाली, "अहो, तो आधीच्या इंजिनिअरच्या नावावर जातोय. तो तर मार्चमध्येच सोडून गेला. असू दे. शालूताई, तुम्ही सगळ्यात जुन्या वर्षाचे स्कॅन उडवा, जागा होईल. बॅकअप आहेच."

"बॅकअप उघडून बघितलाय कोणी?"

"म्हणजे... रोज रात्री होतोच तो."

"मग आधी तो बघा. तोवर मी काही उडवणार नाय, मॅडम. त्या वर्षातली माणसं अजून येतात माझ्याकडे जुने स्कॅन मागायला."

तिने फोन ठेवला. इंजिनिअर बाईंना आजवर तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. आता आकडा ब्याण्णव होता. डिस्क पूर्ण भरली, तर इमर्जन्सीतल्या पेशंटचा स्कॅनसुद्धा साठवता येणार नव्हता.

तिने आजचं फोल्डर उघडलं. यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. एकाच आजोबांच्या छातीचा सीटी स्कॅन अडीचशेहून जास्त वेळा येऊन पडला होता. शालू तडक खाली सीटीच्या खोलीत गेली. तिथला टेक्निशियन अद्वय पुढच्या पेशंटला टेबलावर झोपवत होता.

"अद्वय, सकाळचा पहिला स्कॅन तुझं मशीन अजून पाठवतंय बघ."

"काय बोलताय ताई! तो तर कधीच गेला."

मग त्याने स्क्रीन पाहिली. सर्व्हरकडून स्कॅन मिळाल्याची पोच येत नव्हती, म्हणून मशीन तोच स्कॅन पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि सर्व्हर दरवेळी नवी प्रत ठेवत होता. अद्वयने पाठवणं रद्द केलं. शालू धावत वर आली. चौऱ्याण्णव. पाच मिनिटांनीही चौऱ्याण्णवच. तिने मूळ स्कॅन नीट उघडतोय ना ते पाहून घेतलं आणि मगच बाकीच्या प्रती उडवल्या. आकडा ब्याऐंशीवर आला.

चार वाजता उर्वीचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"ताई, बॅकअप उघडला. सगळ्यात जुन्या वर्षाचे पाच महिने त्यात नाहीतच. तुम्ही माझं ऐकलं असतंत तर..."

"नाय ना ऐकलं," शालू म्हणाली आणि तिला हसू आलं.

दोन दिवसांनी उर्वी स्वतः डोंबिवलीहून आली. ते पाच महिने तिने बॅकअपमध्ये घेतले, मग शालूची वही मागून पहिल्या पानापासून वाचली. तासाभरात दोन टक्के वाढ झाली तरी इशारा जाईल, अशी नवी सोय तिने केली. तो इशारा दोनच फोनवर जाणार होता. एक उर्वीचा.

"दुसरा नंबर कोणाचा टाकू?" तिने डॉक्टर क्षिप्रांना विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" डॉक्टर म्हणाल्या.

शालूने आपला नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला आणि स्क्रीनवर तो बरोबर उमटलाय ना, हे वाकून दोनदा पाहिलं.