मावशींचा आदर्श जावई

जावयाचे लाड कसकसे करतात, याच्या नाना गोष्टी मी ऐकून होतो. कुणाला चांदीच्या ताटात जेवायला वाढतात, कुणाला अधिक महिन्यात कपडे करतात. पण जावयाला होडीत घालून मुळशीच्या पाण्यातल्या एका बेटावर न्यायचं, बेहड्याच्या झाडासमोर चिखलात बसवायचं, झाडावरच्या पक्ष्याकडे बोट दाखवायचं आणि परतीच्या होडीत "बघा, जावई असा असावा लागतो," असं ऐकवायचं, ही रीत पाळणारं सासर उभ्या महाराष्ट्रात एकच असेल आणि ते माझ्या वाट्याला आलं आहे. तो पक्षी धनेश आणि ऐकवणाऱ्या माझ्या बायकोच्या मावशी.

मावशींची सगळी नोकरी एसटी स्टँडवर गेली, ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारण्यात. निवृत्त झाल्यावर ध्वनिक्षेपक तिथेच राहिला, आवाज मात्र त्या घरी घेऊन आल्या. काका गेल्यानंतर पुण्यातलं बिऱ्हाड मोडून त्या काकांच्या गावी, धरणाच्या काठावर राहायला गेल्या. तिथे अंगणातून त्या शेजारणीला "अगं, दूध उतू चाललंय!" म्हणाल्या की पलीकडच्या वाडीतल्या बायकाही चुलीकडे धावतात. त्यांचा फोन आला की मी तो टेबलावर ठेवतो आणि खुर्ची थोडी मागे घेतो. असा गळा लाभलेल्या बाईला म्हातारपणी नाद लागावा तो कशाचा, तर पाखरं बघण्याचा, जिथे पहिला नियमच तोंड मिटून बसण्याचा असतो.

त्यांच्या घरासमोर पाण्यात ते बेट आहे. धरणाच्या आधी ती टेकडी होती. खोरं बुडालं, टेकडीचा माथा तेवढा वर राहिला आणि माथ्यावरची देवराईही राहिली. उंबर, आंबे, बेहडे आणि त्यांना लगडलेल्या वेली यांची अशी दाटी की भर वैशाखात आत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं गार वाटतं. एका उन्हाळ्यात बबनराव होडीवाल्यांनी मावशींना सहज म्हणून तिथे नेलं आणि बेहड्याच्या खोडातली एक बुजवलेली ढोली दाखवली. नुसती बोटभर फट उघडी. "आत मादी हाय बगा," बबनराव म्हणाले. "अंड्यावर बसायच्या टायमाला सोताला लिंपून घेती. बाहेरून ह्यो नर चारतो तिला. पिल्लं मोटी हुईस्तवर त्याला दुसरा धंदा न्हाई." तेवढ्यात नर आला. राखाडी अंग, भलीमोठी चोच, चोचीवर छोटं शिंग. गळ्यात साठवून आणलेली उंबरं त्यानं एकेक करून वर काढली आणि फटीतून आत दिली. मावशींचा संसार लांब पल्ल्याच्या गाडीवर कंडक्टर असलेल्या काकांबरोबर झाला होता. वेळेवर घरी येणारा नवरा त्या आयुष्यात प्रथमच बघत होत्या.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे फोन आला.

"नीलू, तुझ्या नवऱ्याला दे." मी खुर्ची मागे घेतली. "जावईबापू, मागे नीलू तापानं पडली होती तेव्हा घरात जेवणाचं कसं केलंत?"

"मागवलं, मावशी. हॉटेलातून."

"हं. हा स्वतः आणतो. गळ्यातून."

आणि फोन ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात मी गव्हाचं पोतं उचललं, भाजी चिरली, अगदी मुलीच्या शाळेत पालकसभेला जाऊन आलो, तरी बायको एवढंच म्हणते, "धनेश बरा."

मग मावशींनी सहली सुरू केल्या. विणीच्या दिवसांत दर शनिवारी हिंजवडीची आयटीतली मंडळी घोटावड्यावरून गाड्या काढून यायची आणि काठावर मावशींच्या तावडीत सापडायची. कुणी भडक रंगाचा टीशर्ट घालून आलं की मावशी आपल्या पेटीतल्या विटक्या हिरव्या साड्या काढायच्या आणि त्या माणसाला गुंडाळून टाकायच्या. मोठमोठ्या हुद्द्यांचे मॅनेजर खांद्यावरून पदर घेतलेल्या अवस्थेत होडीत बसलेले मी पाहिले आहेत. अत्तर लावून आलेल्यांना त्या काठावरच्या पाण्यात मान धुवायला लावायच्या. पिशव्या तपासायच्या, वेफर्सच्या पुड्या काढून घ्यायच्या आणि त्याबदली प्रत्येकाच्या हातावर फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा ठेवायच्या. "पुडी कुरकुरते. भाकरी कुरकुरते का?" हा त्यांचा सवाल बिनतोड असे.

होडी सुटली की त्यांच्या तोंडातली स्टँडवरची भाषा जागी व्हायची. पाण्यावर सूर मारणारा खंड्या म्हणजे "विनाथांबा". खडकावर उन्हं खात पसरलेली घोरपड म्हणजे "डेपोत उभी". आंब्याला उलटी लटकलेली वटवाघळं दिसली की त्या म्हणायच्या, "रातराणी. संध्याकाळी सुटेल." हे सगळं भर आवाजात, कारण पाण्यावर बोलायला त्यांची स्वतःला परवानगी होती. बेटाला होडी टेकली की मात्र त्या दोन्ही ओठ आत घेऊन असे घट्ट मिटायच्या की चेहरा शिवलेल्या पिशवीसारखा दिसायचा. कुजबुजणं त्यांना जमतच नव्हतं. एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. "हळू चला" असं कानात सांगायला गेल्या आणि उंबरावरचे सगळे हरियल उडून गेले. तेव्हापासून बेटावर सगळा कारभार खुणांवर चालायचा आणि खुणा कळल्या नाहीत तर चिमट्यांवर.

हे असं बरं चाललं असताना एका उन्हाळ्यात पुण्याहून एक तंबूवाले साहेब आले. त्यांना बेटावर तंबू ठोकायचे होते, शेकोट्या करायच्या होत्या, शनिवार-रविवार डीजे लावायचा होता. गावातल्या काही जणांना ते पटलंही होतं. पोरांना काम मिळेल, होड्या चालतील, हे काही खोटं नव्हतं. ग्रामसभा जवळ आली होती. मावशींनी आम्हाला बोलावून घेतलं. आवाज नेहमीचाच होता, पण बोलताना त्या मधेच थांबत होत्या. असं मी कधी ऐकलं नव्हतं.

"जावईबापू, ती आत कोंडलेली आहे हो," त्या म्हणाल्या. "गोंगाटाला भिऊन हा यायचा थांबला, तर तिनं खायचं काय?"

मी म्हटलं, "मग ग्रामसभेत तुम्ही बोला. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

"ओरडून माणसं गप्प बसतात, त्यांना पटत नाही," मावशी म्हणाल्या. "मी त्यांना दाखवणार."

आणि शनिवारी खरोखरच त्यांनी सरपंचबाईंना आणि तंबूवाल्या साहेबांना आमच्याबरोबर एकाच होडीत बसवलं. "एकदा बघा, मग काय ते ठरवा," एवढंच त्यांना सांगितलं. सरपंचबाई धनगरवाड्यावरच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी भाकरीचं फडकं आधीच सोडलं होतं. साहेबांच्या नारिंगी टीशर्टवर हिरवी साडी चढली. ते हसून म्हणाले, "मावशी, पक्षी काय, कुठेही जातात. इकडून उडाला की तिकडे बसेल." मावशी काही बोलल्या नाहीत. बबनरावांनी वल्ही थांबवून त्यांच्याकडे वळून पाहिलं, इतकं ते नवल होतं.

पाणी उतरलं होतं, त्यामुळे काठावर घोट्यापर्यंत चिखल. तो तुडवत आम्ही बेहड्यासमोरच्या झुडपांमागे जाऊन बसलो. साहेब मात्र बसायला तयार नव्हते. ते थेट झाडाखाली गेले आणि तंबू कुठे येतील, स्टेज कुठे, हे फोनवरून कुणाला तरी सांगू लागले. नर आला, पण झाडावर उतरला नाही. पाण्यावरून घिरटी घालून किरकिरत निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा फिरला. फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि आत गेलं. ऊन चढत होतं. सरपंचबाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

मावशींचा चेहरा लालबुंद झाला होता. आयुष्यभर ज्या गळ्यानं भरलेले स्टँड हलवले, तो गळा आत्ता एका शब्दात त्या साहेबांना धरणात ढकलू शकला असता. पण तो शब्द उच्चारला असता तर नरही त्या दिवशी परत फिरकला नसता, हे त्यांना कळत होतं. त्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत चिखलातून झाडापर्यंत गेल्या. साहेबांच्या हातातला फोन त्यांनी हळूच काढून घेतला, मनगट धरलं आणि शाळेतून पोराला आणावं तसं त्यांना आणून आपल्या शेजारी चिखलात बसवलं. साहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर मावशींनी त्यावर आपला तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. साहेबांनीही तो हटवला नाही. कदाचित मावशींच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी पाहिलं असावं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पंखांचा घुमारा ऐकू आला आणि नर नेमका खोडाला येऊन चिकटला. शेपटी खोडाला टेकवली, मान मागे घेतली आणि गळ्यातून एक उंबर काढलं. फटीतून चोचीचं टोक आलं आणि उंबर आत गेलं. मग दुसरं. मग आणखी एक. संपलं असं वाटावं तोच आणखी एक. एक फळ निसटून खाली पडलं, तेव्हा त्यानं मान वाकडी करून त्याच्याकडे असं पाहिलं की मला माझ्या हातून फुटलेली काचेची बरणी आठवली. आतून बारीक चिरचिर ऐकू आली. पिल्लं होती.

मावशींचा तळहात कधीच खाली आला होता, तरी साहेबांचं तोंड मिटलेलंच होतं. सरपंचबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. नर उडून गेल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या.

"माज्या येळंला आमचं मालक साधा पाण्याचा तांब्या द्यायला उटलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "आन ह्यो बगा." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "सायेब, तुमचं तंबू आमच्या माळावर ठोका. गावच्या पोरांस्नी काम द्या. पर हितं न्हाई. हितं बाळंतीण हाय."

साहेब चिखलातून उठले. खांद्यावरची साडी सावरत म्हणाले, "माळावरच ठोकतो. डीजे पण नको." आणि थोडं थांबून, "मावशी, माझ्या मिसेसना पुढच्या शनिवारी आणलं तर चालेल का?"

"आणा," असं मावशी खुणेनंच म्हणाल्या. पण होडी बेटापासून पुरेशी लांब आल्यावर त्या फळीवर उभ्या राहिल्या, बबनरावांच्या डोक्याचा आधार घेतला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला: "प्रवाशांनी लक्ष द्यावे! बेटावरचा मुक्काम कायम करण्यात आला आहे!" काठावर धुणं धुणाऱ्या बायका काही न कळताच टाळ्या वाजवायला लागल्या. माझी बायको हसता हसता रडत होती. ग्रामसभेत मग फारसं बोलायचं उरलंच नाही. सरपंचबाईंनी विषय काढला आणि हात वर झाले. पुढच्या उन्हाळ्यापासून गावातल्या बायकाच बेटाच्या सहली न्यायला लागल्या. मावशींनी त्यांना एकेक करून शिकवलं आणि त्या सगळ्या मावशींहून चांगल्या कुजबुजतात.

यंदा आम्ही गेलो, तेव्हा मावशी होडीत चढल्या नाहीत. डॉक्टरांनी चिखल आणि चढ दोन्ही बंद केलं आहे. जांभळीखाली खुर्ची टाकून त्या काठावर बसल्या होत्या. तिथून बेट दिसतं, झाडं दिसतात, पण बेहडा पलीकडच्या अंगाला आहे. आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि त्या तशाच बसून होत्या.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. तो कुठल्या बाजूनं आला, आधी कुठल्या फांदीवर थांबला, ढोलीच्या फटीत या वेळी पिल्लाचा डोळा कसा चमकला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. माझं सांगून संपलं. पाण्यावर वारा आला होता. मला वाटलं, त्यांचा डोळा लागला.

"झोपले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."