पाटावरची पिन

सर्वण गावच्या शिवदासाला जगात दोनच गोष्टी आवडतात, असं त्याची बायको अनुसया सांगायची. एक त्याची ट्रॉली आणि दुसरीपण ट्रॉलीच. आपला नंबर तिसरा, तोही ट्रॉलीला धुवायला पाणी काढून दिलं तर, असं म्हणून ती स्वतःच हसायची.

शिवदासाचं म्हणणं असं, की ट्रॅक्टरला इंजिन असतं, बिघडला की तो ओरडून सांगतो. ट्रॉली बिचारी मुकी. तिचं दुखणं आपणच ओळखायला हवं. म्हणून पाऊस सरला की तो तिची चाकं उतरवायचा, बेअरिंगात ग्रीस भरायचा. लांबून आला की आधी चाकाला हात लावून बघायचा, पोराचा ताप बघावा तसा. टायरात वारा कमी वाटला तर गिऱ्हाईक दारात तिष्ठत राहिलं तरी हा निघायचा नाही. चिरे असोत की लाकडं, जड ते पुढे आणि हलकं ते मागे, हा त्याचा कायदा. मागे वजन झालं की ट्रॉलीचं नाक वर उठतं, हे त्याने भरणाऱ्या माणसांना इतक्यांदा सांगितलं होतं, की त्याने तोंड उघडायच्या आधी तीच म्हणून दाखवायची.

पण त्याचा खरा जीव पिनीवर. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी कान असतो, त्यात ट्रॉलीचा दांडा बसतो, आणि दोन्हीतून वरून जाते ती पिन. अंगठ्याहून जाड, वापरून वापरून आरशासारखी झालेली. तिच्या खालच्या टोकाला भोक, भोकात क्लिप, पिन उसळून वर येऊ नये म्हणून. शिवाय एक चेन. पिनीने दगा दिलाच तर ट्रॉलीला धरून ठेवायला. लोक चेष्टा करायचे, की शिवदासाने लग्नात मंगळसूत्र एकच बांधलं आणि ट्रॉलीला दोन.

चढणीवर ट्रॉलीमागून गणपत चालायचा. हा दोडामार्गाकडचा, खाणीवर कामाला म्हणून आलेला. खाणी बंद पडल्या तेव्हा बरोबरचे सगळे परत गेले, गणपत आणि त्याची बायको यशोदा मात्र इथेच राहिली. चढणीच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं घर. गणपतच्या हातात लाकडाचा ठोकळा असायचा. गाडी चढावर अडली की चाकाखाली ठोकळा द्यायचा, म्हणजे ती मागे येत नाही. शिवदास मागे न बघता नुसता हात वर करायचा आणि गणपत शीळ घालायचा. शीळ म्हणजे सगळं ठीक.

खंडेनवमीला लोखंड पुजतात. कोयते, विळे, सुताराचा रंधा, शिवायचं मशीनसुद्धा धुऊन पुसून मांडायचं, वर झेंडूचं फूल घालायचं. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला विसावा. दसऱ्याला मालक आपल्या हाताने हलवेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. शिवदास ट्रॉलीची पिन, क्लिप आणि चेन चिंचेच्या पाण्याने घासून देवासमोर पाटावर मांडायचा. आपली पिन इतकी वर्षं दगा देत नाही ती या एका दिवसाच्या विसाव्यामुळे, असं त्याला मनापासून वाटायचं.

गेल्या वर्षी नेमक्या खंडेनवमीलाच वाड्यावरचा, त्यांच्याच वस्तीतला सखाराम गेला. म्हातारा पिकलेला, जायचाच होता, पण एक दिवस थांबला असता तर त्याचं काय बिघडत होतं कोण जाणे. लाकडं खालच्या भाटात, माडांच्या बागेत, आणि स्मशान वर सड्यावर, उघड्या माळावर. सखारामाचा मुलगा दत्तप्रसाद शिवदासाच्या दारात येऊन उभा राहिला. मढं घरात असताना नाही कसं म्हणायचं?

अनुसया पाटाकडे बघून म्हणाली, "गाऱ्हाणां घाला नि उचला ती. देव काय माझो सासरो न्हय, रुसान बसाक."

बोलली ते खरंच होतं. आपल्याकडे गाऱ्हाणं घातलं, हात जोडून अडचण सांगितली, की देव कशालाही मान डोलावतो. पण शिवदास ऐकेना. पुजलेलं लोखंड, तेही मढ्याच्या लाकडांना? घर बांधताना उरलेली सळई मागच्या दारी पडली होती, तिचा तुकडा कापून त्याने कानात घातला. त्याला भोक नव्हतं, म्हणून क्लिप नाही. चेन पाटावर. एकच तर खेप, जवळच तर जायचं, असं तो म्हणाला. जन्मात त्याच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

भाटात पोचतो तर लाकडं भरून झालेली. सगळ्यांना घाई. लांब ओंडके मागे बाहेर आलेले, बारीक फाटी पुढे टाकलेली. शिवदासाने बघितलं, त्याला दिसलं. पण मयताच्या कामात माणसांना ‘उतरवा आणि परत भरा’ कसं सांगायचं, म्हणून त्याने ट्रॅक्टर चालू केला.

चढणीच्या मध्यावर ट्रॉलीचं नाक उठलं आणि सळई कानातून अलगद वर निघाली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. ट्रॅक्टर एकदम हलका झाला, तेव्हा शिवदासाला कळलं. वळून बघेपर्यंत ट्रॉली मागे सुटली होती. बाकीचे बाजूला पळाले. गणपत पळाला नाही. तो ठोकळा द्यायला चाकाकडे वाकला.

कंबरेखाली त्याचं काही राहिलं नाही म्हणायचं. जीव राहिला. पोलीस विचारायला आले तेव्हा गणपतने खाटेवरून सांगितलं, की माझाच पाय घसरला, कोणाची चूक नाही. तसंच लिहून घेऊन ते गेले.

आणि मग सगळा वाडा तेच म्हणायला लागला. शिवदासा, तुझी काही चूक नाही. तू देवाचं मोडलं नाहीस, ही काय लहान गोष्ट आहे? पाटावरची पिन हलवली असतीस तर वाड्यावर काय आलं असतं सांगता येत नाही. आणखी काय यायचं राहिलं होतं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

दसऱ्याला शिवदास इस्पितळात बसून होता. पिन हलवायची राहिली. घरी आल्यावरही त्याने तिला हात लावला नाही. फुलं वाळली, ती अनुसयेने काढली आणि पाटाच्या भोवतीने केर काढू लागली. दिवाळी गेली, शिगमा गेला, त्या घरातली नवमी काही संपली नाही. ट्रॉली माडाखाली उभी होती. तिचे टायर बसले, फळीवर शेवाळ आलं. शिवदास दुसऱ्याचा ट्रॅक्टर नांगराला चालवायला जायचा, पण मागे काही जोडायचं म्हटलं की उतरून घरी यायचा. अनुसया त्या दिवशी काय म्हणाली होती ते तिने पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. तिने एकदा तरी काढावं म्हणून तो वाट बघायचा. पण ती भांडायलासुद्धा तयार नव्हती.

रोज दुपारी तो गणपतकडे जाऊन बसायचा. एकदा बोलायला गेला, "गणपत, ती पिन मी..."

"गप रव रे," गणपत म्हणाला. "कूस बदलूक हात दी."

यशोदा चहा आणून ठेवायची. कपाचा कान शिवदासाकडे करून ठेवायची, साखर बरोबर घालायची, पण बोलायची नाही. एक शब्द नाही. शिवदासाला वाटायचं, हिने एकदा शिव्या द्याव्यात, कप फेकून मारावा. सगळ्या गावाने चूक नाही म्हटलं, त्याला किंमत नव्हती. चूक होती असं म्हणायचा हक्क तिचा एकटीचा होता, आणि ती चहा देत होती. तो चहा तो गिळायचा आणि उठायचा.

यंदा गणेशचवथ होऊन गेली आणि पाठीच्या जखमांचा ताप गणपतच्या डोक्यात चढला. उतरला नाही. एका रात्री तो गेला. सकाळी दत्तप्रसाद शिवदासाच्या दारात आला आणि मागच्या वेळी उभा होता तिथेच उभा राहिला.

"यशोदावैनीन सांगल्यान, लाकडां शिवदासानच हाडूची." मग खाली बघत तो म्हणाला, "आनी पिन घेवन येवक सांगल्यान."

अनुसयेने देवासमोर नारळ ठेवला आणि ती बाजूला झाली. शिवदासाने गाऱ्हाणं घातलं नाही. त्याने पाटावरची पिन उचलली. खाली लाकडावर तिचा गंजाचा ठसा उमटला होता.

टायरात वारा भरला, ग्रीस भरलं, चाकं हलवून बघितली. भाटात त्याने कोणाला लाकडाला हात लावू दिला नाही. जड ओंडके एकेक करून स्वतः पुढे लावले, दोरी आवळली. कोणी घाई केली नाही. पिन घातली, क्लिप घातली, चेन अडकवली.

चढणीच्या पायथ्याला यशोदा मढ्याजवळून उठून बाहेर आली. ट्रॅक्टर थांबला. ती मागे गेली, वाकली. आधी पिनीला बोट लावलं, मग क्लिपेला, मग चेन हातात घेऊन सोडली.

"बसता तर ही," ती म्हणाली.

शिवदासाने मान हलवली. चूक होती म्हणणाऱ्या ज्या शब्दाची वर्षभर वाट बघितली तो हा. ती आत गेली.

चढण सुरू झाली. गेलं वर्षभर तुझी चूक नाही म्हणणारा सगळा वाडा ट्रॉलीच्या पुढे चालत होता. मागे कोणी नव्हतं. अर्ध्या वाटेवर सवयीने शिवदासाचा हात वर गेला आणि तसाच राहिला. शीळ कुठून येणार? इंजिनाचा आवाज तेवढा होता.

ट्रॉली सड्यावर पोचली. काही झालं नाही. शिवदासाने खाली उतरून बघितलं. पिन जागेवर, क्लिप जागेवर, चेन सैल लोंबत होती, तिच्यावर ओढ आलीच नव्हती. एवढंच तर करायचं होतं.

चाकाखाली द्यायला तो ठोकळा शोधू लागला. मग त्याने एक दगड उचलून लावला आणि एकटाच लाकडं उतरवू लागला.