लोकरीचं आसन

बदली होऊन काशीत आलो तेव्हा माझी पाठ धरली होती आणि मन ऑफिसातून सुटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आसनं करा.

ब्रह्मा घाटावर रोज सकाळी एक गुबगुबीत मराठी गृहस्थ मांडी घालून गंगेकडे बघत बसलेले असत. चेहरा असा, की नुकतीच जिलबी खाल्लीय. एकदा विचारलंच, "काका, हे कोणतं आसन?"

त्यांनी मांडीखाली चाचपलं. "हे? लोकरीचं!" आणि पोट हलेपर्यंत हसले. "अहो, बसा तर सही. जागा खूप आहे."

जागा मुळीच नव्हती. ते सरकून निम्मे दगडावर गेले. मी बसलो, आणि ऑफिस विसरलो.

पुढे क्लासात पुष्कळ आसनं शिकलो. दुसऱ्याला जागा होईल असं एकही नव्हतं.